दुर्बिणीच्या आधी माउंट

नागपूर–भुसावळ लोहमार्गावर, अमरावती जिल्ह्याच्या अगदी पूर्वेला, धामणगाव आणि पुलगाव यांच्या मधे तळणी नावाचे लहान स्टेशन आहे. २२ जानेवारी १८९८ च्या दुपारी चंद्राची सावली विजयदुर्गाच्या बाजूने कोकणात शिरली, सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरवरून वऱ्हाडात आली आणि तळणी ओलांडून बक्सरकडे निघून गेली. हे खग्रास ग्रहण टिपण्यासाठी ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनची एक तुकडी तळणीला मुक्कामी होती. तीत ग्रीनिच वेधशाळेचे वॉल्टर माँडर होते, पुढे कोडाईकनाल वेधशाळेचे संचालक झालेले जॉन एव्हरशेड होते आणि ॲनी माँडर होत्या. ॲनीबाई ग्रीनिचला गणकाचे काम करीत. १८९५ मध्ये वॉल्टर माँडरांशी लग्न झाल्यावर त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांना नोकरी सोडावी लागली, पण आकाश त्यांनी सोडले नाही. गर्टन कॉलेजच्या संशोधनवृत्तीतून त्यांनी एक छोटा कॅमेरा घेतला होता. त्याचे भिंग जेमतेम दीड इंच व्यासाचे आणि नाभीय अंतर नऊ इंचांचे, म्हणजे आजच्या हिशेबात साधारण २३० मिलिमीटरची लेन्स. एवढ्याशा भिंगातून त्यांनी सूर्याच्या प्रभामंडळातला एक लांबलचक झोत टिपला. तोवरच्या कोणत्याही छायाचित्रात इतका लांब झोत आलेला नव्हता.

त्याच दुपारी चारशेहून अधिक किलोमीटर दूर जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे पथक डब्ल्यू. डब्ल्यू. कॅम्पबेल यांच्या नेतृत्वाखाली उभे होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवालाही तिथेच आले होते. कॅम्पबेल यांच्याजवळ ४० फूट लांबीचा कॅमेरा होता. एवढे धूड सूर्यामागे फिरवणार कसे? त्यांनी ते फिरवलेच नाही. भिंग आणि नळी एका जागी घट्ट बसवली आणि नळीच्या तळाशी काचेची छायाचित्रपट्टी घड्याळी यंत्राने सरकवली. ४० फुटी कॅमेऱ्यात सूर्याची प्रतिमा सेकंदाला एक मिलिमीटरहून थोडी कमी सरकते, म्हणून पट्टीही त्याच वेगाने सरकवायची. सूर्याजवळच्या प्रभामंडळाचे बारीक तपशील या मोठ्या कॅमेऱ्याच्या वाट्याला आले आणि दूरवर पसरलेला फिकट प्रकाश तळणीच्या छोट्या कॅमेऱ्याच्या वाट्याला. लांब कॅमेरा प्रकाश मोठ्या जागेवर पसरवतो, आखूड कॅमेरा तोच प्रकाश दाट करून देतो, हे त्यामागचे कारण.

आज अमरावती-अकोल्यात आकाशाचे फोटो काढायला निघालेला तरुण पहिला प्रश्न विचारतो तो दुर्बिणीचा. किती इंची घेऊ, आरशाची घेऊ की भिंगाची? माझ्या मते पहिला प्रश्न माउंटचा असावा, म्हणजे दुर्बीण किंवा कॅमेरा ज्याच्यावर बसतो आणि जो त्याला आकाशाबरोबर फिरवतो त्या यंत्राचा. डोळ्याने पाहायचे असेल तर हलका स्टँडही चालतो, कारण डोळा क्षणाक्षणाला नवे चित्र घेतो. कॅमेरा मात्र मिनिटभर उघडा राहून प्रकाश साठवत असतो आणि त्या मिनिटातली प्रत्येक हालचाल फोटोत उमटते.

हालचाल किती असते ते पाहू. पृथ्वी ताऱ्यांच्या संदर्भात २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते. त्यामुळे खगोलीय विषुववृत्तावरचा तारा सेकंदाला सुमारे १५ विकला, म्हणजे आर्क-सेकंद, सरकतो. सध्याच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत सेन्सरवरचा एकेक चौकोन, म्हणजे पिक्सेल, चार मायक्रॉनच्या आसपास असतो. ५० मिलिमीटरच्या लेन्समागे असा एक पिक्सेल आकाशातल्या साडेसोळा विकला व्यापतो, म्हणजे स्थिर ट्रायपॉडवर तारा साधारण सेकंदाभरात पुढच्या पिक्सेलवर जातो. २०० मिलिमीटरला हेच पाव सेकंदात घडते. १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीत तर एका सेकंदात तारा अठरा पिक्सेल ओलांडतो. दुर्बीण जितकी लांब तितकी ती माउंटची परीक्षा कडक करते. नवख्याने भारी दुर्बीण आणि हलका माउंट घेतला की त्याच्या पदरी ताऱ्यांऐवजी रेघा पडतात आणि छंद तिथेच थांबतो.

ही अडचण छायाचित्रणाच्या पहिल्या दिवसापासूनची आहे. घड्याळाच्या जोरावर आकाशाचा पाठलाग करणारी मोठी दुर्बीण फ्राउनहोफरने १८२४ मध्ये डोर्पाटच्या वेधशाळेसाठी बनवून दिली. हे गाव आज एस्टोनियात आहे आणि त्याला टार्टू म्हणतात. ३० सप्टेंबर १८८० रोजी न्यूयॉर्कजवळ हेन्री ड्रेपर यांनी ५१ मिनिटांचे एक्स्पोजर देऊन मृगातल्या तेजोमेघाचा फोटो काढला. कोणत्याही तेजोमेघाचा तो पहिला फोटो. तीन वर्षांनी इंग्लंडमध्ये अँड्र्यू कॉमन यांनी त्याच तेजोमेघाच्या फोटोत डोळ्याला दुर्बिणीतूनही न दिसणारे तारे पकडले. दोघांचेही आरसे आणि भिंगे उत्तम होती, पण एवढा वेळ तारा एका जागी धरून ठेवणारे यंत्र नसते तर त्यांचा काही उपयोग झाला नसता.

बाजारात मुख्यतः दोन जातींचे माउंट मिळतात. पहिला डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली फिरतो; त्याला अल्ट-अझिमथ म्हणतात. मोठ्या आरशाच्या, लाकडी पेटीवर फिरणाऱ्या डॉब्सोनियन दुर्बिणी याच जातीच्या. चंद्रावरची विवरे, शनीची कडी आणि गुरूचे पट्टे यांसाठी त्या छान, कारण तिथे सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो निघतो आणि हजारो फोटोंतून चांगले निवडून एकत्र करता येतात. मोटर लावली तर अल्ट-अझिमथही ताऱ्याचा पाठलाग करतो. पण पाठलाग चालू असताना चौकटीतले आकाश मधल्या ताऱ्याभोवती हळूहळू फिरत राहते. मधला तारा टिंबासारखा येतो आणि कडेचे तारे कमानीसारखे.

हे फिरणे सगळीकडे सारखे नसते आणि वऱ्हाडाला ते जास्त सोसावे लागते. अक्षांश जितका कमी तितका त्याचा वेग जास्त. अमरावती २०.९ उत्तर अक्षांशावर आहे. इथे दक्षिणेकडे ४५ अंश उंचीवरच्या ताऱ्याभोवती चौकट तासाला सुमारे २० अंश फिरते, लंडनच्या जवळपास दीडपट. २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर ३० सेकंदांत कडेचे तारे नऊ-एक पिक्सेल ओढले जातात, १० सेकंदांत तीन. ठीक पूर्वेला किंवा ठीक पश्चिमेला पाहिले तर हा त्रास जवळजवळ शून्य होतो, हे अल्ट-अझिमथ असलेल्यांनी ध्यानात ठेवावे. हल्ली आलेल्या छोट्या स्वयंचलित दुर्बिणी दहा-दहा सेकंदांचे शेकडो फोटो काढून, प्रत्येक फोटो फिरवून एकावर एक रचतात आणि असा मार्ग काढतात. परदेशी पुस्तकातला आकडा मात्र तसाच उचलून इथे वापरू नये.

दुसरी जात इक्वेटोरियल माउंटची. त्याचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर ठेवतात. मग त्या एकाच अक्षाभोवती, पृथ्वीच्या उलट दिशेने, त्याच वेगाने फिरले की झाले; चौकट फिरत नाही आणि तारे जागच्या जागी राहतात. लांब एक्स्पोजर द्यायचे असेल तर हाच माउंट घ्यावा. माझ्या लेखी यावर वाद घालण्यासारखे काही नाही.

अक्ष समांतर करायचा म्हणजे तो उत्तर खगोलीय ध्रुवाकडे रोखायचा. त्या ध्रुवाची क्षितिजापासूनची उंची आपल्या अक्षांशाएवढीच असते, म्हणजे अमरावतीत आणि अकोल्यात साधारण २१ अंश. ध्रुवतारा त्याच्या जवळ आहे, पण नेमका तिथे नाही. तो सध्या ध्रुवापासून चाळीस कलांपेक्षा (आर्क-मिनिटांपेक्षा) किंचित कमी अंतरावर फिरतो. अक्ष सरळ ध्रुवताऱ्यावर रोखला तर चूक किती होते? हिशेब असा: अक्षाच्या एका कलेच्या चुकीने तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकलेने भरकटतो. म्हणजे ध्रुवताऱ्यावर रोखलेल्या माउंटवर मिनिटाला जास्तीत जास्त दहा विकला. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ही चूक एका पिक्सेलहून कमी, फोटोत दिसणारसुद्धा नाही. १३५ मिलिमीटरला दीड पिक्सेल, म्हणजे चालण्यासारखी. १००० मिलिमीटरच्या दुर्बिणीत मात्र बारा पिक्सेलांची रेघ. सुरुवात आखूड लेन्सने करावी असे मी म्हणतो ते या आकड्यांच्या आधाराने.

२१ अंशांवरचा ध्रुवतारा वऱ्हाडातल्या माणसाला थोडे श्रम देतो. त्याचा प्रकाश डोक्यावरच्या ताऱ्याच्या पावणेतीन पट हवेतून येतो. शहरातल्या धुळीत आणि दिव्यांच्या झळाळीत तो मंद पडतो आणि उत्तरेला शेजारची तीन मजली इमारत असली की दिसतही नाही. परतवाड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला अगदी लगटून बसलात तर डोंगरच आडवा येतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला संध्याकाळी सप्तर्षी आपल्याकडे क्षितिजाखाली असतात, तेव्हा शर्मिष्ठेच्या आधाराने ध्रुवतारा शोधावा. ध्रुवतारा दिसतच नसेल तर होकायंत्राने दिशा आणि मोबाइलवरच्या कोनमापकाने २१ अंशांचा उतार लावून काम सुरू करता येते. मध्य भारतात होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक आहे. पण खाली बेसॉल्टचा काळा खडक असेल किंवा शेजारी गाडी उभी असेल तर सुई भलतीकडे जाते, म्हणून होकायंत्र दोन-तीन जागी धरून पाहावे. एक सोयही आहे: आपल्याकडे अक्ष बराचसा आडवा राहत असल्याने अक्ष रोखण्यासाठी माउंटमध्येच बसवलेल्या छोट्या ध्रुवदुर्बिणीत डोकावताना युरोपातल्यासारखी मान मोडून वर पाहावे लागत नाही.

खरेदीआधी मात्र या आडवेपणाचा नीट विचार करायला हवा. बरेच माउंट चाळीस-पन्नास अंशांवरच्या ग्राहकांना डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. काहींचा अक्ष फार खाली झुकत नाही, म्हणून माहितीपत्रकातली अक्षांशाची खालची मर्यादा पाहावी. ती वीसच्या बरीच खाली असावी. झुकला तरी दुसरी अडचण उरते. जर्मन पद्धतीच्या माउंटला दुर्बिणीच्या विरुद्ध बाजूला वजनाचा दांडा असतो. अक्ष आडवा असला की हा दांडा फिरताना बराच खाली उतरतो आणि वजन ट्रायपॉडच्या पायाला धडकू शकते. धडकले की मोटर आवाज करते, दाते घासतात, रात्र वाया जाते. ट्रायपॉड आणि माउंट यांच्या मधे वीतभर उंचीचा नळीसारखा जोड बसवला की ही अडचण सुटते. तो वेगळा मिळतो आणि स्थानिक लेथवाल्याकडूनही करून घेता येतो. माउंट घरी आणल्यावर, अंधारात जाण्यापूर्वी, दिवसा उजेडी सगळे चढवून दांडा हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहावा.

आता वजनाबद्दल. प्रत्येक माउंटवर किती किलो भार पेलतो हे लिहिलेले असते, पण तो आकडा डोळ्याने पाहणाऱ्यांसाठीचा समजावा. फोटोसाठी त्याच्या निम्मा, फार तर दोन-तृतीयांश भार ठेवावा. त्यात दुर्बीण, कॅमेरा, कड्या, वायरी सगळे धरायचे. किलोइतकीच लांबीही महत्त्वाची. पाच किलोची मीटरभर लांब नळी वाऱ्यात जितकी हलते तितकी पाच किलोची आखूड दुर्बीण हलत नाही. तोल साधताना वजनाचे गोळे दांड्याच्या टोकाला सरकवण्यापेक्षा एक गोळा वाढवून ते अक्षाजवळ ठेवलेले बरे.

स्काय-वॉचरच्या ‘स्टार ॲडव्हेंचरर’सारखे छोटे ट्रॅकर पाच किलोपर्यंत भार घेतात, खांद्याच्या पिशवीत मावतात. त्याच कंपनीचा ‘ईक्यू६-आर’ वीस किलो पेलतो, पण त्याचे नुसते डोके सतरा किलोंच्या वर आहे. त्यात वजनाचे गोळे आणि ट्रायपॉड मिळवा. वाडग्यात कायमचा सिमेंटचा खांब उभारणाऱ्याला तो उत्तम. दर वेळी तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर चढवणाऱ्याचा उत्साह तो दोन महिन्यांत संपवतो. अलीकडे हार्मोनिक जातीचे माउंट आले आहेत. झेडडब्ल्यूओचा ‘एएम५’ स्वतः पाच किलोंचा असून वजनाच्या गोळ्याशिवाय तेरा किलो पेलतो. दांडाच नसल्याने २१ अंशांवर काही धडकण्याचीही भीती नाही. हे माउंट महाग आहेत आणि त्यांच्या दातांची चूक बरीच असल्यामुळे गायडिंगशिवाय (ते काय, ते पुढे येते) ते अर्धेच उपयोगाचे, हे विकणारा सांगेलच असे नाही.

दातांची चूक म्हणजे काय, तेही समजून घ्यावे. बहुतेक इक्वेटोरियल माउंटमध्ये एक मळसूत्र एका दातेरी चक्राला फिरवते. चक्राला १८० दाते असतील तर मळसूत्राची एक फेरी साधारण आठ मिनिटांत होते. मळसूत्र कितीही काळजीने कापले तरी पूर्ण गोल होत नाही, म्हणून या आठ मिनिटांत माउंट थोडा पुढे पळतो, थोडा मागे रेंगाळतो. ही चूक दोन्ही बाजूंना वीस-वीस विकलांची असेल तर सर्वांत वाईट क्षणी ३० सेकंदांत तारा आठ विकला सरकतो. १३५ मिलिमीटरला हे जेमतेम सवा पिक्सेल आहे आणि १००० मिलिमीटरला जवळपास दहा. यावरचा उपाय म्हणजे गायडिंग: मुख्य दुर्बिणीवर एक छोटी दुर्बीण आणि छोटा कॅमेरा बसवायचा, त्याने दर दोन-तीन सेकंदांनी एका ताऱ्याची जागा तपासायची आणि संगणकाने माउंटला ढकलून-थोपवून जागेवर आणायचे. त्यासाठीचे ‘पीएचडी२’ हे सॉफ्टवेअर फुकट मिळते. ३०० मिलिमीटरच्या पुढे जायचे असेल तर माउंट घेताना त्याला गायडिंगची जोडणी आहे की नाही हे पाहावेच.

पैशांची चणचण असलेल्या विद्यार्थ्याने निराश होऊ नये. १९७० च्या दशकात जी. वाय. हेग या हौशी निरीक्षकाने सांगितलेला फळ्यांचा ट्रॅकर आजही तितकाच चांगला चालतो. दोन फळ्या बिजागरीने जोडायच्या. बिजागरीच्या मध्यापासून बरोबर २२८.५ मिलिमीटरवर खालच्या फळीत सहा मिलिमीटर जाडीचा बोल्ट बसवायचा, ज्याचे आटे एक मिलिमीटर अंतराने असतात. कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात तो मिळतो. बिजागरीचा अक्ष २१ अंश चढवून ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. मीटरभर आडव्या अंतराला ३८ सेंटिमीटर उंची घेतली की २१ अंश मिळतात. मग बोल्ट मिनिटाला एक फेरी या वेगाने फिरवायचा. वरच्या फळीवरचा कॅमेरा आकाशाबरोबर चालू लागतो. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सने काही मिनिटे तारे टिंबासारखे येतात. इक्वेटोरियल माउंट कसा काम करतो हे यातून जितके कळते तितके तयार यंत्र विकत घेऊन कळत नाही, म्हणून शाळांच्या विज्ञान मंडळांनी हा ट्रॅकर करावाच असे मला मनापासून वाटते.

माउंट कितीही चांगला असला तरी तो उभा राहतो जमिनीवर, आणि वऱ्हाडातली जमीन काळी. ही माती ओली असता फुगते, वाळली की भेगाळते. नांगरलेल्या वावरात ट्रायपॉडचे पाय तासाभरात खचतात आणि ध्रुवाकडे रोखलेला अक्ष बिघडतो. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा किंवा जाड फळी ठेवावी, पाय कमी लांबवावेत, आणि शक्य तर कडक धुऱ्यावर किंवा खडकावर उभे राहावे. गच्चीवर स्लॅबच्या मधोमध न ठेवता खालच्या भिंतीच्या किंवा खांबाच्या माथ्यावर ठेवावे, कारण मध्यभागी कोणी चालले तरी तारे थरथरतात.

शहराबाहेर पडायचे तर चिखलदरा आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंच, धुळीच्या थराच्या बऱ्यापैकी वर. मेळघाटात रात्रीच्या वावरावर वनखात्याची बंधने आहेत आणि ती पाळायलाच हवीत. मुक्कामाच्या जागेच्या आवारातूनच फोटो काढावेत. थोडे दूर, नागपूरच्या पलीकडे, महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. अशा ठिकाणी नेता येईल इतका हलका माउंट हा शहरातल्या माणसाला भारी माउंटपेक्षा जास्त उपयोगी ठरतो, कारण शहराच्या झळाळीतल्या दोन तासांपेक्षा अंधारातला अर्धा तास जास्त देतो. जून ते सप्टेंबर ढगांचे. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, रात्रही तापलेली राहते आणि तापलेल्या सेन्सरवर ठिपके वाढतात. नोव्हेंबर ते मार्च हेच खरे दिवस.

कमी अक्षांशाची भरपाईही आकाश करते. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ अमरावतीहून क्षितिजावर साडेएकवीस अंश चढतो. लंडनहून तो कधीच उगवत नाही. आकाशगंगेचे केंद्र आपल्याकडे ४० अंश वर येते.

पहिल्या हिवाळ्यासाठी माझी निवड ठरलेली आहे: पाच किलो पेलणारा इक्वेटोरियल ट्रॅकर, बळकट ट्रायपॉड, हातात असलेला कॅमेरा आणि १३५ मिलिमीटरची जुनीपानी पण स्वच्छ लेन्स. दुर्बीण नको. नोव्हेंबरात देवयानीतली दीर्घिका घ्यावी. ती आकाशात तीन अंशांहून लांब पसरली आहे आणि या लेन्सच्या चौकटीत ऐसपैस मावते. डिसेंबरात कृत्तिका, जानेवारीत मृग. मिनिटा-मिनिटाचे साठ फोटो काढून एकत्र रचले की एका फोटोच्या मानाने गोंगाट जवळपास आठपट दबतो. मिनिटाच्या फोटोत तारे लांबट आले तर आधी अक्ष पुन्हा रोखावा, मग तोल तपासावा, तरीही आले तर एक्स्पोजर ३० सेकंदांवर आणून फोटो दुप्पट काढावेत. साठापैकी पन्नास फोटो गोल ताऱ्यांचे येऊ लागले की मग साठ-सत्तर मिलिमीटर व्यासाची, चारशे मिलिमीटरच्या आतबाहेरची भिंगाची दुर्बीण आणि तिला पेलणारा, गायडिंग घेणारा मधला माउंट यांचा विचार करावा, आणि तेव्हाही पैशांचा मोठा वाटा माउंटला द्यावा.